सिस्टर, फ्रिज उघडून बघू का?

लाइट जाण्याचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रिजमध्ये उरल्यासुरल्याच्या वाट्या मागे मागे सरकत जातात ना, तसे ते साचतात आणि एक दिवस सगळे काढून बसावं लागतं.

मी म्हसावदची. आरोग्य केंद्रात नर्स, लसींचा फ्रिज माझ्या ताब्यात. त्यामुळे गल्लीतल्या झाडून सगळ्या फ्रिजांची डॉक्टर मीच! माझा नियम एकच, लाइट गेली की दार उघडायचं नाही. बंद राहिला तर खालचा कप्पा चार तास तग धरतो, गच्च भरलेला फ्रीजर एखादा दिवस. हे मी इतक्यांदा सांगितलंय की गल्लीतली पोरं माझी नक्कल करतात.

मागच्या मे महिन्यात वादळ झालं, खांब आडवे पडले आणि गुरुवारी संध्याकाळी लाइट गेली ती गेलीच. नेमकं शेजारच्या रेहानाभाभीच्या फ्रीजरमध्ये चार किलो मटण होतं. रविवारी दुपारी तळोद्याहून तिच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून भावाने घरचा बोकड कापून आधीच पाठवलेलं. याआधी दोनदा जुळता जुळता फिसकटलेलं. भाभीचा जीव त्या मटणात अडकला होता.

*

आधी घरचाच किस्सा. आमचे यजमान, म्हणजे सर, शाळेत विज्ञान शिकवतात. लाइट जाऊन तास झाला नसेल, तर हे फ्रिजचं दार उघडून, आत हात घालून उभे.

"काय करताय?"

"काही नाही, गार आहे का बघतोय."

"मग? आहे?"

"आहे की."

दहा मिनिटांनी पुन्हा दार वाजलं. मग पुन्हा. पाचव्या वेळी बाहेर येऊन मलाच म्हणाले, "तुझ्या त्या चार तासांत काही तथ्य नाही. दोन तासांतच गारवा गेला."

*

शुक्रवारी सकाळी पुढच्या घरातल्या कांताकाकूंनी हाय खाल्ली. हिवाळ्यात सोललेला मटार त्यांनी वर्षभराचा भरून ठेवला होता. तो मऊ पडायला लागल्यावर त्यांनी पातेलंभर उसळ केली आणि वाटली गल्लीत. पण मटार काय त्यांच्या एकट्याकडे होता? प्रत्येक घरात तेच. मीही केली, मीही वाटली. दुपारपर्यंत माझ्या ओट्यावर पाच घरची पाच भांडी, सगळ्यांत मटार.

पाचवा डबा उघडला. डबा ओळखीचा, झाकणावर माझंच नाव, आणि आत खोबऱ्याचे काप. गल्लीत खोबऱ्याचे काप मी एकटी घालते.

मेच्या उन्हात शिजलेलं अन्न दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, हाही माझाच नियम. ही उसळ चार तास फिरून आली होती. टाकली गुपचूप.

*

कांताकाकूंचे यजमान, आबा, त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "तुमना फ्रिज ऱ्हाऊ द्या. मन्ही विहीर शे." दुधाची आणि ताकाची अशा दोन बरण्या घेऊन ते मळ्यात गेले. विहिरीत दोर पुरेना, म्हणून पंपाचं पाणी पडतं त्या हौदात, सावलीच्या कोपऱ्यात बरण्या तरंगत ठेवल्या. पाणी गारेगार. आबा बांधावर निवांत आडवे झाले.

शेताची लाइन वेगळी. ती गावाच्या आधी आली. आणि आबांच्या पंपाला ऑटो स्विच! करंट आला की पंप आपला आपण सुरू. हौद भरला, वाहिला, बरण्या कलंडून पपईच्या पाटाला लागल्या.

आबांनी फोन केला तो काकूंना नाही, मला. "सिस्टर, पपई ताक पी ऱ्हायनी. झाडले काही व्हई का?"

*

शनिवारी सकाळी वायरमन आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावर चढला, तर खाली आठ-दहा बायका. कुणाचं दही, कुणाचं इडलीचं पीठ, भाभीचं मटण. प्रत्येकीला तो किती वाजता उतरणार ते हवं होतं. शेवटी तो वरूनच म्हणाला, "माले काम करू द्या वं मायहो. मन्हा घरबी बासुंदी शे."

दुपारी लाइट आली.

*

आता भाभीचं मटण. ते आलं त्याच दिवशी मी तिच्या फ्रीजरमध्ये काचेच्या वाटीत पाणी गोठवून बर्फावर एक रुपया ठेवला होता. मधे बर्फ वितळला तर नाणं तळाला जातं. मग लाइट येऊन सगळं पुन्हा दगडासारखं झालं तरी नाणं खरं सांगतं. वर असेल तर शिजवा, तळाला असेल तर फेका.

रविवारी सकाळी मी गेले. भाभी, तिचा नवरा सलीमभाई आणि सासूबाई, तिघं ओट्यापाशी उभी. वाटी बाहेर काढली. बर्फावर नाणं होतं. म्हणजे तीन होती. एक दोनाचं, एक पाचाचं, एक दहाचं. आणि माझा रुपया बर्फातून तळाशी दिसत होता.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाई सावरून म्हणाल्या, "बरकत है, सिस्टर. एक रखा था, चार हो गए."

मला हसू आलं आणि भाभीचं तोंड बघून जीवही तुटला. "फेकायचं," मी म्हटलं. ती रडायला लागली. "लड़केवालों को दाल खिलाऊँ? लोग क्या बोलेंगे?" सलीमभाई ताजं आणायला धावले, तर दुकानातलं नऊलाच संपलेलं. मग कांताकाकूंनी मळ्यातली वांगी आणली, आम्ही तिघींनी वरण-बट्टी आणि भरीत केलं. भाभी वाढताना मान वर करेना.

पाहुण्यांतली बाकीची माणसं आज रोजा आहे म्हणत ओसरीतच थांबली, मुलाची आई तेवढी ताटावर बसली. "यहाँ दो दिन लाइट नहीं थी ना?" म्हणत तिने ताटाकडे पाहिलं, मग पातेल्याचं झाकण उचलून आत पाहिलं. मग दुसऱ्या पातेल्याचं. भाभीने माझा हात घट्ट धरला.

"मटन नहीं है?"

"नहीं, बाजी," भाभी कशीबशी म्हणाली.

बाईंनी मागे वळून आपल्या माणसांना हाक मारली. "आ जाओ सब, बैठो. रोज़ा कैंसल."