कठड्यावरच्या कुंड्या

वारा सुटला की मी गॅलरीत धावायचे, आणि लातूरला फाल्गुनानंतर वारा सुटतोच. माझ्या जिरेनियमच्या पाच कुंड्या वरच्या गॅलरीच्या कठड्यावर होत्या. बरोबर त्यांच्याखाली, अंगणात, सासूबाईंची बाज.

झाडांना आणि सासूबाईंना एकच बाजू हवी होती. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली आमच्याकडे पूर्वेलाच मिळते. कठड्याच्या आत ठेवलं तर झाडं नुसतीच उंच व्हायची, फूल धरायची नाहीत. सासूबाईंना भूकंपात पडलेल्या दगडी घराखालून काढलेलं. तेव्हापासून त्या दुपारी छताखाली आडव्या होत नाहीत. कुंड्या मांडल्या त्या दिवशी म्हणाल्या, "डोक्यावर वजन कशाला गं?"

"तारेनं बांधलंय की, आत्या," मी म्हटलं. सासूला आम्ही आत्याच म्हणतो.

नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, माती वाळल्याशिवाय पाणी घालू नका, खोड कुजतं. पण वाळल्या मातीची प्लास्टिकची कुंडी म्हणजे रिकामं डबडंच. वाऱ्यानं ती डुलायला लागली की मला खालची बाज दिसायची. मग मी भीतीपोटी पाणी घालत सुटले. झाडाला तहान नव्हती, मला कुंडी जड हवी होती. दोन झाडं बुडाशी काळी पडली. तरी येता-जाता तार ओढून बघायचे.

"झाडं पाळलीस का साप?" नवरा म्हणायचा.

वैशाखातल्या एका दुपारी मी वर भाकरी थापत होते. धुळीनं आभाळ पिवळं झालं, दारं आपटली आणि खाली धप्पकन आवाज आला. गॅलरीत धावले. कठड्यावर चारच कुंड्या. वाकून बघायचा धीर होईना. "आत्या" म्हणून हाक मारली, ओ आली नाही. जिना मी बसत बसत उतरले.

कुंडी उशीवर पडली होती. मीच पाणी पाजून जड केलेली; चिखल चादरीभर. बाज रिकामी होती. सासूबाई उंबऱ्यावर बसून वर बघत होत्या.

"ओ का दिली नाहीत?"

"घसा सुकला व्हता."

मला रडू फुटलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मी तितं झोपतच न्हाई. नुसती पडून राहते. वारं सुटलं की वर बघते, कुंडी हलली की उठते."

"कधीपासून?"

"तू मांडल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले व्हते की. एकदा."

त्याच संध्याकाळी उरलेल्या कुंड्या खाली आणून भिंतीकडेला ठेवल्या. तिथे शेजारची शेळी तोंड घालते, फुलंही कमी येतात. परवा असंच वावधान उठलं आणि मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून खाली पळाले. सासूबाई बाजेवर घोरत होत्या. मी तिथेच उभी राहून बराच वेळ ते ऐकलं. वर आले तेव्हा भाकरीचा कोळसा झाला होता.