अठरा फटक्यांची सूट

सगळ्यांना सारखं वाटून देणारी न्यायी माणसं जगात पुष्कळ असतात. पण सारखं देणं हाच सगळ्यांत मोठा अन्याय, असं मानून त्यापायी जन्मभर झुरलेला माणूस मी एकच पाहिला, आणि ते माझे मामेसासरे होते. कर्जतच्या इंजिनशेडच्या कचेरीत ते कारकून आणि मी स्टेशनात तारमास्तरांच्या हाताखाली. त्यामुळे हे नातं मला सणावारी नव्हे, रोज दोन वेळा भोगावं लागे. माझ्या लग्नात, खालापूरला, पहिली पंगत बसायच्या आधी ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यांना दात नाहीत त्यांना तरण्यांच्या बरोबरीनं बसवणं म्हणजे लबाडी आहे. त्यांना अर्धा तास आधी वाढा." म्हाताऱ्यांना अर्धा तास आधी वाढलं. त्या अर्ध्या तासात म्हाताऱ्यांनी बुंदीचे लाडू असे संपवले की माझ्या मित्रांच्या पानात नुसती कढी आली. मामांना त्याचं काही वाटलं नाही. "म्हणजे पाव तास पुरला असता," एवढंच ते म्हणाले आणि तसं त्यांनी टिपून ठेवलं.

कमी ताकदीच्या माणसाला किती सूट दिली म्हणजे तो तगड्या माणसाशी बरोबरीनं भिडेल, हा एकच प्रश्न त्यांना दिसे. एकदा जत्रेत ते चालू कुस्तीत आखाड्यात उतरले आणि दोघांतल्या जाड पैलवानाचा एक हात बांधावा, असं पंचांना सांगू लागले. तेव्हा त्या दोन्ही पैलवानांनी आपली कुस्ती सोडून, मिळून मामांना उचललं आणि बाहेर ठेवलं. घरी मामींशी सोंगट्या खेळताना ते त्यांना इतकी घरं पुढे सोडत की सव्वीस वर्षांत मामा एकही डाव जिंकले नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "सूट थोडी जास्त होतेय, जावईबापू. पण कमी करायची तर दोघांची संमती लागते, आणि ती देत नाही."

अशा माणसाच्या हाती साहेबांच्या गोल्फ क्लबाची वही पडली, हे त्याचं दुर्दैव की क्लबाचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. मुंबईत प्लेग सुरू झाला त्याच्या दोनतीन वर्षं आधीची ही गोष्ट. भातं कापून झाली की रेल्वेचे गोरे साहेब स्टेशनामागच्या खाचरांत नऊ ठिकाणी डबे पुरत आणि काठीनं चेंडू हाणत हाणत त्या डब्यांत घालत. कमीत कमी फटक्यांत जो नऊ डब्यांचे दोन फेरे पुरे करील तो जिंकला. खाचरं धर्मा नावाच्या शेतकऱ्याची. त्यानं एका खाचरात वाल पेरले होते. त्यात गेलेला चेंडू वालाच्या शेंगांबरोबरच सापडे. कच्च्या खेळाडूला काही फटक्यांची सूट मिळे, म्हणजे त्याच्या एकूण फटक्यांतून तेवढे वजा करत. कोणाला किती सूट, हे त्याच्या आधीच्या खेळांवरून काढायचं काम मामांकडे होतं, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं. पण सूट अठरांच्या वर द्यायची नाही, असा क्लबाचा नियम होता. त्या अठरांनी मामांची झोप उडाली.

कारण घाटाच्या इंजिनावर एक म्हातारे ड्रायव्हरसाहेब होते. बावीस वर्षं इंजिन हाकून त्यांचा उजवा खांदा वर जात नसे. तीन वर्षांचे आकडे काढून मामांनी ठरवलं की त्यांना खरी सूट तीसची पाहिजे. अठरांत ते दर वर्षी चांदीच्या पेल्याच्या सामन्यात शेवटून पहिले येत, हसत आणि घरी जात. पुढच्या पावसाळ्याआधी ते नोकरी सोडून विलायतेला जाणार होते. मामांनी क्लबाच्या सेक्रेटरीला, म्हणजे भांडारावरच्या साहेबाला, तीन अर्ज केले. तिसऱ्यात लिहिलं की घाट चढायला कर्जतला गाडीला जादा इंजिन लावतात, त्याला आजवर कोणी लबाडी म्हटलेलं नाही. साहेब हसला आणि त्यानं मर्यादा तीसवर नेली. त्या दिवशी मामांनी आमच्याकडे येऊन तीन वाट्या खीर खाल्ली.

पुढे जे झालं ते सांगताना मला आजही बरं वाटत नाही. मर्यादा वाढल्यावर मालगाड्यांचा एक इन्स्पेक्टर एकाएकी वाईट खेळू लागला. पूर्वी त्याची सूट चौदा होती. दोन महिन्यांत त्याच्या आकड्यांवरून ती चोवीस झाली आणि मामांनी ती आपल्याच हातानं वहीत लिहिली. सामन्याच्या आदल्या दिवशी धर्मा कचेरीच्या दाराशी आला. इन्स्पेक्टरच्या काठ्या तोच वाहत असे.

"भाऊ," तो म्हणाला, "त्यो साहेब डब्यापाशी येऊन मुद्दाम चुकवतो. वीतभर अंतर हाय, तरी चेंडू बाजूनं घालतो. आमी आंधळं नाय."

"सेक्रेटरीसाहेबांसमोर सांगशील?"

"माजी खाचरं भाड्यानं त्यांच्याकडं हायेत, भाऊ," धर्मा म्हणाला आणि जमिनीकडे पाहू लागला.

मामा एकटेच सेक्रेटरीकडे गेले. साहेबानं वही उघडली, इन्स्पेक्टरचे आकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबू, जो किताब में है वही सच. ये तुम्हारा ही बोल है." ते खरंच मामांचं बोलणं होतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारे ड्रायव्हरसाहेब जन्मात खेळले नव्हते तसे खेळले. एकशे बारा फटके, वजा तीस, बाकी ब्याऐंशी. तोवर आलेल्यांत तेच पहिले. ते क्लबाच्या पडवीत वेताच्या खुर्चीवर बसले आणि पुढचे खेळाडू एकेक करून त्यांच्या मागे पडत गेले. शेवटी इन्स्पेक्टर आला. एकशे पाच, वजा चोवीस, एक्याऐंशी. नंतर धर्मानं मला सांगितलं, "त्याला म्हाताऱ्याचा आकडा म्हायती होता. लागलं तेवढंच खेळला, जास्त नाय." मामा टेबलाशी बसून बेरीज तीनदा करत होते. चांदीचा पेला इन्स्पेक्टरला गेला.

संध्याकाळी ड्रायव्हरसाहेब स्वतः मामांच्या दाराशी आले. मीही तिथे होतो. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "बाबू, दो घंटा हम पहिला नंबर था. बाईस साल में पहिली बार." मामांनी नुसते हात जोडले. त्या आठवड्यात क्लबानं मर्यादा पुन्हा अठरांवर आणली, आणि मामांनी वही माझ्या हवाली केली. "मर्यादा ठेवली तर दुबळा मरतो," ते म्हणाले, "आणि काढली तर लबाड जगतो. यातून वाट नाही, जावईबापू. मी पुष्कळ शोधली." त्यानंतर ते कोणाच्या पंगतीत बोलले नाहीत.

नोकरी संपल्यावर ते खालापूरला जाऊन राहिले. मी अधूनमधून जाई. दर भेटीत ते इकडचं तिकडचं बोलत आणि मग, जणू आत्ताच सुचल्यासारखं, विचारत, "त्या दिवशी मी इन्स्पेक्टरच्या सुटीतून चार फटके माझ्या मनानंच कापले असते तर?" मी म्हणे, "म्हातारे जिंकले असते." "ते कळतं मला. पण मग त्या वहीवर पुढे कोणी विश्वास ठेवला असता का?" तेवढ्यात मामी आतून चहा आणत, आणि मी तो पिऊ लागे. शेवटच्या दुखण्यात त्यांना पाहायला गेलो तेव्हा बोलायची ताकदही फारशी उरली नव्हती. तरी त्यांनी तेच विचारलं. या वेळी मी म्हटलं, "नाही, मामा. कोणी ठेवला नसता."

मला तसं वाटत नव्हतं. चार फटके कापायला हवे होते, असंच मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुम्ही फार चांगले आहात."