कोलूचा खांदा आणि न सांगायचं नाव

कोलू पडला तो स्वतःच्या चुकीनं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण गावात नंतर पुष्कळ कारणं निघाली. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं त्या बेटात काहीतरी आहे. बेटात बांबू आहे. बुडाशी तोडलेला बांबू लगेच खाली येत नाही, वर शेंड्यांमध्ये अडकून उभा राहतो. बाजूला सरून, तिरपा, थोडा थोडा ओढला की येतो. जेवणाची वेळ झाली म्हणून कोलू समोर उभा राहिला आणि एका दमात ओढला. बांबू सुटला, कोलू मागच्या मागे उजव्या खांद्यावर आदळला. माघ महिना होता तेव्हा. पोळा आला तरी हात कानापर्यंत जात नव्हता.

आमचं गाव कुरखेड्याहून आत, जंगलाला लागून. कोलू माझा शेजारी, साठीचा, अंगानं बारीक, कामाला चांगला. दिवाळीनंतर ग्रामसभेची बांबूतोड लागते. तोड जोडीनं होते. त्याचा जोडीदार इतवारी, पंधरा वर्षांपासूनचा. पण आजूबाजूच्या गावांत कोलूचं नाव बांबूसाठी नव्हतं, मुळीसाठी होतं. पाय मुरगळला, कंबर लचकली, मोडलेलं हाड जुळलं पण दुखणं राहिलं, की माणसं त्याच्याकडे येत. तो टेकडीवर जाई, एक मुळी खोदून आणी, दाराआड वाटे आणि पळसाच्या पानात बांधून देई. पैसे घेत नसे. बरं वाटलं तर नारळ आणि कोंबडी.

ही विद्या त्याला काकाकडून मिळाली होती, आणि विद्येपेक्षा तिचे नियम जास्त होते. मुळीचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं की औषध ऐकणाऱ्याचं होतं, सांगणाऱ्याच्या हाताला मग गुण नाही. स्वतःच्या दुखण्यासाठी स्वतः खोदायचं नाही, खोदणाऱ्याच्या सोबतही जायचं नाही. आणि दुसऱ्यानं जे खोदून आणलं ते लावायचंच. परत टाकलं तर मुळी रुसते.

यातला पहिला नियम त्याला आजवर उपयोगी पडला होता. उरलेल्यांशी त्याचा कधी संबंध आला नव्हता, कारण तो कधी पडला नव्हता.

रोग्यांसाठी त्याचे वेगळे नियम होते. एकवीस दिवस वांगं बंद, आंबट बंद. एकदा इतवारीच्या गुडघ्याला एकवीस दिवस लेप लावून झाला आणि तो परत आला.

"अजून दुखून राह्यलं गा."

"वांगं खाल्लं असशील," कोलू म्हणाला.

"नाई खाल्लं."

"मंग आंबट."

"नाई."

"मंग वांग्याच्या वावरातून गेला असशील."

इतवारी गेला होता. वावर त्याचंच होतं.

त्यामुळे कोलूचा खांदा सहा महिने बरा होईना तेव्हा इतवारीला वाईट वाटलं असेलही, पण ते दिसलं नाही. पाराजवळ भेटला की तो मोठ्यानं विचारी, "काऊन गा कोलूभाऊ, वांगं खाल्लं का?"

पोळ्याला कोलूची मुलगी दिव्या आणि जावई सुनिल आले. कोलूनं सुनिलला बाजूला घेतलं. कुंपणाच्या अलीकडे मी दोर वळत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"जवाईबापू, नाल्याच्या पल्याड टेकडी चढा. मोठ्या गोट्याखाली एक झुडूप आहे. पान पाच बोटांचं, खालून पांढरं. त्याची मुळी आणा."

"नाव काय मामाजी?"

"नाव पुसू नका."

सुनिल सकाळी गेला तो दुपारी परतला. कपडे मातीनं भरलेले, हातात नारळाएवढा कंद. रानसुरणाचा. तो खरडला तरी हात खाजतो. कोलूला तो ओळखू आला, मलाही आला. पण हा चुकीचा म्हणावं तर बरोबर कोणता ते सांगावं लागतं. शिवाय जावयाला चुकलास म्हणायची आपल्याकडे रीत नाही. आणि आणलेलं लावायचंच. कोलूनं वाटून लावला. तीन दिवस तो डाव्या हातानं उजवा खांदा खाजवत होता. दुखणं तसंच राहिलं. डावा हात मात्र बराच तयार झाला.

मग त्यानं मला विचारलं. मी तीस वर्षं लाकडाच्या डेपोत ओंडके उचलले. सांगितलेलं काम सांगितलं तसं करायची मला सवय आहे. टेकडी चढलो, गोटा शोधला, पाच बोटांचं पान शोधलं आणि सावरीच्या रोपाची मुळी सरळ, न तोडता खोदून आणली. कोलूनं ती हातात घेऊन फिरवून पाहिली.

"भाऊ, तुमी इतके दूर गेले," एवढंच म्हणाला.

लावली. काहीच झालं नाही. कंदानंतर हे बरंच म्हणायचं.

दिव्यानं शेवटी त्याला एस.टी.त बसवून गडचिरोलीला दवाखान्यात नेलं. फोटो काढला. डॉक्टरबाईंनी सांगितलं की मोडलेलं काही नाही, सांधा धरला आहे, पडून इतके महिने झाले म्हणून. दुखेल म्हणून हात हलवला नाही, म्हणून तो अजून धरला. थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि एक कागद. कागदावर भिंतीसमोर उभा माणूस काढला होता. रोज तीनदा भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, काल जिथपर्यंत गेला त्याच्या थोडं वर.

कोलू परत आला तो रागात.

"इतक्या दूर नेलं अन् भिंत दाखवली. भिंत का आपल्या घरी नाई?"

"सुई नाई देल्ली?" इतवारीनं विचारलं.

"नाई ना! कसरत सांगतली. कसरत काई औषध आहे का?"

इतवारीनं मान हलवली. जे गिळता येत नाही आणि चोपडता येत नाही त्याला आमच्याकडे कोणी औषध धरत नाही. कागद आढ्याच्या बांबूत खोचला गेला.

भादव्याच्या शेवटी ग्रामसभेत तोडीच्या जोड्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. इतवारी त्या संध्याकाळी कोलूच्या अंगणात आला. बसला नाही.

"हे पाह्य कोलूभाऊ, दिवाळीपर्यंत तुहा हात कानाच्या वर गेला त जोडी आपली. नाई त मी चैतूले घेतो. मले दोघांचं काम एकट्याले नाई जमत."

बोलणं कडक होतं पण चूक नव्हतं. बांबू तोडणाऱ्याचा हात वर जात नसेल तर त्याला तोडीत घेणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर ओझं टाकणं.

दोन दिवस कोलू अंगणात बसून राहिला. त्याच्यापुढे दोनच रस्ते होते. नाव सांगितलं तर मुळी बरोबर येईल, खांदा सुटेल, पण औषध दुसऱ्याचं होईल. काकानं त्याला नाव सांगितलं त्या दिवसापासून काकानं कोणाला मुळी दिली नव्हती, आणि काकाकडे कोणी गेलंही नव्हतं. नाही सांगितलं तर औषध त्याचं राहील आणि खांदाही असाच राहील. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको बुधरी कुंपणावर धुणं वाळत घालत होती.

"बुधरी, इकडं ये. एक गोष्ट सांगतो."

"सांगा तिथूनच. हात ओले हायेत, कान नाई."

तो उठून तिच्याजवळ गेला आणि कानात बोलला. बुधरीनं हातातलं लुगडं पाहिलं, लुगड्याखालचं झुडूप पाहिलं.

"ही?"

"हळू बोल."

"ही निरगुडी? हिच्यावर त मी चाळीस वर्षांपासून लुगडे वाळू घालून राह्यली!"

तीन घरांनी ऐकलं. कोलूनं कपाळाला हात लावला, डावा.

"टेकडीवरची येगळी रायते," तो म्हणाला.

"काय येगळी? बोटं पाचच ना?"

"तुले नाई समजत."

"मले समजते. इतके वर्षं तुमी टेकडीवर मुळी खोदाले जात होते, अन् चुलीले काड्या मी आणत होती."

आता खरं सांगतो. गोट्याखाली निरगुडी मीही पाहिली होती. चांगली डोक्याइतकी उंच होती. पण जी घरोघरी कुंपणाला आहे, बाळंतिणीच्या शेकाला आणि धानाच्या कोठीत किडीसाठी सगळे वापरतात, तिच्यासाठी कोलू मला टेकडीवर कशाला धाडेल? म्हणून मी ती ओलांडून पुढे गेलो. सुनिलला फोनवर हे कळलं तेव्हा तोही तेच म्हणाला. "भाऊ, मी तिले धरूनच वर चढलो ना. म्हटलं हे साधी हाय, खरं औषध बाजूले असन. तो कंद दोन हात खोल होता." दोन माणसांनी मान ठेवला म्हणून कोलूचा महिना गेला.

बुधरीनं सब्बल घेतली आणि कुंपणातूनच मुळी खोदली. पाट्यावर वाटली. मोहाच्या बियांचं तेल गरम करून त्यात घातली. मग तिनं खांदा धरला. बुधरीनं जन्मभर धान कांडलं आहे, भारे वाहिले आहेत. कोलू आजवर रोग्यांना लेप लावायला सांगत आला, चोळायला कधी सांगितलं नव्हतं. चोळण्याला कष्ट पडतात.

चोळून झाल्यावर तिनं आढ्यातून तो कागद काढला. वाचता येत नाही, पण चित्राला वाचावं लागत नाही. तिनं कोलूला भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं जिथवर गेली तिथं कोळशानं रेघ मारली. पहिली रेघ छातीशी होती.

"मरतो वो मी!"

"मरा मंग. पण हात वर करून."

हे रोज तीनदा. दिवाळीपर्यंत आम्हाला घड्याळ पाहायची गरज पडली नाही, कोलू ओरडला की किती वाजले ते कळे. मधे धान कापणीला आलं, तेव्हा बुधरी पहाटेच्या ओरडण्यानंतर वावरात जाई आणि दुपारच्या ओरडण्याला परत येई. चार आठवड्यांनी रेघा कोलूच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. भिंत खराब झाली म्हणून ती रोज कुरकुर करी, आणि रोज नवी रेघ मारी.

दिवाळीच्या दोन दिवस आधी इतवारी आला.

"वर कर."

कोलूनं हात वर केला. कोपर जरा वाकलेलं होतं, ओठ घट्ट मिटलेले होते, पण हात कानाच्या वर गेला आणि तिथं राहिला. इतवारीनं बाजूनं जाऊन पाहिलं, मागून पाहिलं, बैल पाहावा तसा.

"चालते," तो म्हणाला. "चैतूले सांगतो."

मग गुण कशानं आला यावर वाद झाला. कोलू म्हणे मुळीनं. बुधरी म्हणे माझ्या हातानं. दिव्या फोनवर म्हणे डॉक्टरबाईंच्या कागदानं. सुनिलचं मत असं होतं की काही कंद उशिरा गुण देतात. सगळं एकदमच केल्यामुळे कशानं झालं हे सांगता येत नाही. घाम कोणाला आला हे सांगता येतं.

नियमाप्रमाणे औषध आता बुधरीचं झालं. कोलूनं त्यात लबाडी केली नाही, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं. कोणी आलं की तो घराकडे मान वळवी, "तिले इचारा." बुधरी सांगे ते असं : निरगुडी आहे, कुंपणाला आहे, खोदा, वाटा, घरी जोरानं चोळणारं माणूस असेल तरच तेल तापवा. दवाखान्यात जाऊन हाड पाहून या. वांगं खा. पाच-सहा माणसांनी ऐकलं. त्यातल्या एकानं चोळून घेतलं. बाकीच्यांचे चेहरे पडले. नंतर माणसं कमी झाली.

तोडीच्या पहिल्या आठवड्यात ब्रह्मपुरीकडचा एक माणूस मोटारसायकलच्या मागे बसून आला. मनगट वर्षभरापासून दुखत होतं. कोलू आणि इतवारी कुऱ्हाडी घेऊन निघतच होते. बुधरीनं त्याला सगळं सांगितलं.

"निरगुडी?" तो म्हणाला. "ते त आमच्या इथी बी आहे बाई."

"मंग इतक्या दूर काऊन आले?"

त्यानं कोलूकडे वळून हळूच विचारलं, "भाऊ, तुमच्या पुढच्या गावात एक जण हाय म्हणते. तो नाव नाई सांगत म्हणते."

कोलू थांबला. तो पुढच्या गावचा माणूस कोणती मुळी देतो हे कोलूला माहीत होतं. त्याचं तोंड उघडलं होतं. बुधरी पाहत होती, इतवारी ओरडून राहिला होता, "चाल ना गा, ऊन चढून राह्यलं." कोलूनं तोंड मिटलं आणि त्या माणसाला रस्ता दाखवला, नाला, मग चिंच, मग डावीकडे. उजव्या हातानं, पूर्ण लांबवून.