लॉरेलचं कुंपण

लीलावतीबाई फलटणहून आयर्लंडमधल्या पोर्टलीशजवळ लेकीकडे आल्या त्या दोन महिन्यांसाठी, आणि टाळेबंदीत अडकून दीड वर्ष राहिल्या. कीर्ती आणि जावई दिवसभर लॅपटॉपपुढे. बाईंना कोणी कशाला हात लावू देईना. जन्मभर शेतात राबलेल्या बाईला नुसतं बसून खायला लावणं ही शिक्षा असते, पण हे लेकींना कोण सांगणार?

शेजारच्या नोराबाईंचं ओकचं रान लॉरेल नावाच्या झुडपानं पार गिळलं होतं. बाहेरून आलेलं हे झुडूप खाली उजेडच पोचू देत नसे, मग दुसरं काही उगवणार कसं? नोराबाई ऐंशीच्या, गुडघे गेलेल्या. नोव्हेंबरात बाईंनी कीर्तीकरवी विचारलं आणि करवत हातात घेतली. बुंधा कापायचा आणि लगेच त्यावर औषध फासायचं, नाहीतर तो पुन्हा फुटतो, एवढं त्या दोन दिवसांत शिकल्या. नोराबाई लांब खुर्ची टाकून बघत बसायच्या. त्या रानात लीलावतीबाई कुणाच्या पाहुण्या नव्हत्या.

फेब्रुवारीत मोकळ्या झालेल्या जागी रानफुलांचे कोंब दिसले. नोराबाईंना रडूच फुटलं. रानात शिरणाऱ्या मेंढ्यांनी कोंब तुडवू नयेत म्हणून बाईंनी, कुणाला न विचारता, नुकत्याच कापलेल्या लॉरेलच्या फांद्यांचेच खुंट भोवती रोवले. फलटणला असा खुंट आठवड्यात वाळून जातो. इथे पाऊस रोजचा. जूनमध्ये पंधरा खुंटांना पालवी फुटली.

बाईंनी कीर्तीला आणून ते दाखवले. आता नोराबाईंनी रानात येऊ दिलं नाही तर?

"आई, गपचूप उपटून टाक ना," कीर्ती म्हणाली. "इट्स ग्रँड, काही बिघडत नाही, त्यांना कळणार पण नाही."

बाईंना ते पटेना. त्यांनी नोराबाईंना कुंपणाशी नेऊन खुर्चीत बसवलं, कीर्तीला दुभाषी केलं आणि आपली चूक सांगून टाकली.

नोराबाईंनी एका खुंटाची पालवी बोटांत धरून पाहिली. मग कीर्तीला म्हणाल्या, "आईला सांग, माझ्या नवऱ्यानं, टॉमनं, वासरांना आडोसा म्हणून याची एक रांग लावली. त्यातूनच रान गेलं. त्याला वाईट वाटेल म्हणून तो जाईपर्यंत मी बोलले नाही, की त्यातलं एक रोप उपटलं नाही."

बाईंनी पहिला खुंट हलवून उपटला. त्याला पांढरी मुळं फुटलेली होती. दुसऱ्याला त्या हात घालणार, तोच नोराबाई खुर्ची धरून कशाबशा खाली मातीत बसल्या आणि तो खुंट त्यांनी स्वतः उपटला.