फेर्मिनचे हसरे फोटो

मेक्सिकोतल्या नावोहोआत ओब्दुलियाच्या तोर्तिया, म्हणजे मैद्याच्या पोळ्या, कोणाला ठाऊक नाहीत? कोपरापर्यंत पसरणाऱ्या, ओढणीसारख्या पातळ. बाई मात्र तोंडाची फटकळ. "आज जरा जाड झाल्यात" असं कुणी म्हणालं, की ती म्हणायची, "मग उद्या आईकडून लाटून आण."

तीन वर्षांपूर्वी, चौदा मार्चला, तिचा पोरगा फेर्मिन कामावर गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून दर शनिवारी ओब्दुलिया बेपत्ता पोरांच्या इतर आयांबरोबर माळावर जाते, पुरलेलं काही सापडतं का म्हणून लोखंडी सळई जमिनीत खुपसते, उपसते आणि टोक हुंगते. कसला वास, हे ती सांगत नाही आणि आपणही विचारू नये.

या घरात फोटोची एक शिस्त होती. तिचा नवरा, देव त्याला शांती देवो, म्हणायचा, "दात विचकून फोटो माकडं काढतात." त्यामुळे भिंतीवरचा, ओळखपत्रावरचा, 'बेपत्ता'च्या पत्रकावरचा फेर्मिन ओठ मिटून उभा. हसतानाचे सगळे फोटो पोराने इंटरनेटवरच्या एका फुकट कपाटात ठेवले होते. फुकटच्या ओसरीवर संसार मांडला की मालक कधी उठवेल याचा नेम नसतो, पण हे पंचविशीत कोणाला कळतं?

त्या कपाटाचं दार तेवढं आईच्या फोनवर दिसायचं. आत कुलूप, आणि वर एक ओळ: 'मालक शेवटचे आले: १४ मार्च.' रोज पहाटे चूल पेटवण्याआधी ती ही ओळ वाचायची. पासवर्ड धाकट्या लेकीला, यादिराला, ठाऊक होता. एकदा तिने नुसतं म्हटलं, "आई, फोटो बघू या का?" तर ओब्दुलिया अंगावर धावूनच गेली.

"हात लावशील तर याद राख! ती तारीख बदलली तर त्याच्याच हाताने बदलली पाहिजे. तू आत गेलीस तर मला कसं कळणार कोण आलं ते?"

त्या आयांमध्ये कुणी पोराचा नंबर चालू ठेवते, कुणी शर्ट धुवत नाही. ओब्दुलियाने तारीख राखली, डोळ्यांत तेल घालून. आणि बंद दारामागे कपाटवाल्या कंपनीच्या सूचना येऊन पडत राहिल्या. वाचायला आत कुणी नव्हतंच.

ऑक्टोबरात शवचिकित्सेच्या कचेरीतून फोन आला. कालव्याच्या कडेला काही सापडलं होतं.

"दोन्या ओब्दुलिया, डीएनएला रांग आहे, वर्ष जाईल," पलीकडची मुलगी आदराने दोन्या म्हणत हळू बोलत होती. "पण जबडा शाबूत आहे. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलाय. तुमच्या मुलाचा दात दिसेल असा फोटो आणा. दोन दिवसांत सांगते."

फेर्मिनचा दात दातावर होता.

ज्यांच्याकडे हसरे फोटो असतील ते मित्र केव्हाच भीतीने गाव सोडून गेले होते, नंबर बदलून. राहिलं ते कपाट. तरी बाई दोन दिवस हलेना. शेवटी यादिराची धर्ममाता, म्हणजे ओब्दुलियाची कोमाद्रे, कुका येऊन बसली. "कोमाद्रे, तारखेला कवटाळून किती बसणार?"

"तारीख गेली की तो गेला, कुका."

"आणि तो तिथे कचेरीत डब्यात पडला असेल तर? आईची वाट बघत?"

ओब्दुलियाने फोन लेकीपुढे सरकवला आणि पाठ फिरवली. यादिराने पासवर्ड घातला. मग ती पडदा वरखाली सरकवत राहिली.

"बोल की गं!"

"आई... सेवा बंद झालीय. तीस जूनपर्यंत फोटो काढून घ्या म्हणून तीनदा कळवलं होतं त्यांनी. दार तेवढं राहिलंय, आत काहीच नाहीये."

"काहीच म्हणजे?"

"एकही नाही."

कुकाने कपाळावर क्रूस काढला. ओब्दुलिया ओरडली नाही, याचीच दोघींना भीती वाटली. करायला गेली राखण आणि हाताने घालवून बसली, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सोमवारी मायलेकी कचेरीत गेल्या. डब्यातलं त्यांना दाखवलं नाही, तसा नियमच आहे. मुलीने पत्रक पाहिलं, मिटलेले ओठ पाहिले, आणि बाजूला ठेवलं.

"हरकत नाही, दोन्या. तोंडी सांगा, मी लिहून घेते. चढलेला दात कुठल्या बाजूचा? उजव्या की डाव्या?"

ओब्दुलियाने डोळे मिटले. पोरगं हसताना आठवायला गेली, तर समोर पत्रकावरचाच चेहरा येत होता. सव्वीस वर्षं ज्याला भरवलं, त्याचं तोंड तिला आठवेना.

"डाव्या," ती म्हणाली.

"उजव्या," त्याच क्षणी यादिरा म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. टेबलापलीकडच्या मुलीने पेन खाली ठेवलं.