नामपूरच्या खोलीचा उंबरठा कोणी ओलांडला?

मंगळवार, दुपारचे अडीच. नाशिकच्या ऑफिसात डबा धुऊन मी नुकताच स्क्रीनसमोर बसलो होतो... आणि नामपूरची ओळ पुन्हा लाल झाली.

आमची छोटी इंटरनेट कंपनी आहे. गावोगावी भाड्याच्या खोल्यांत आमची यंत्रं असतात आणि प्रत्येक खोलीत तापमानाचा सेन्सर. पंचेचाळीस अंशांच्या वर गेलं की मला अलर्ट येतो. फारच तापलं तर यंत्र आपोआप बंद होतं... आणि नामपूरचं बंद झालं तर कांदा मार्केटचं नेट जातं, ऐन लिलावात.

आठवडाभर दुपारी हेच चाललं होतं. सटाण्याहून आमचा टेक्निशियन जायचा, कुलूप उघडून तपासायचा... सगळं ठीक. शेवटी त्या सकाळी सर म्हणाले, "सेन्सर बिघडलाय रे. संध्याकाळपर्यंत तो अलर्ट बंद करून टाक. आणि तूही जरा थंड हो."

माझं काही थंड होईना. बिघडलेला सेन्सर फक्त दुपारीच कसा खोटं बोलेल?

म्हणून सकाळीच मी एक केलं होतं. खोलीची एक किल्ली घरमालकीण सुमनमावशींकडे असते. अलर्ट त्यांच्या फोनवरही जाईल असं सेट केलं, आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नाही म्हणून मराठीत लिहिलं. माझा डिप्लोमा अर्धवट राहिलाय, पण शुद्धलेखन मी चुकू देत नाही... अलर्टच्या मर्यादेला आमच्याकडे 'थ्रेशोल्ड' म्हणतात, तो शब्द शब्दकोशात दोनदा पाहिला. मेसेज झाला: 'नामपूर खोली. उंबरठा ओलांडला आहे. त्वरित पाहावे.'

लाल ओळ दिसली आणि पाठोपाठ मावशींचा फोन. धापा टाकत होत्या. "भाऊ, आठे ते कोणीच नही शे! दांडकं लिसन उभी शे मी!"

कोण नाही? दांडकं कशाला? मला कळेना. मग स्वतःचाच मेसेज पुन्हा वाचला... आणि कानापर्यंत लाल झालो. मावशींना वाटलं होतं, खोलीत चोर शिरला!

माफी मागणार तेवढ्यात स्क्रीनकडे लक्ष गेलं. सत्तेचाळीस... सेहेचाळीस... चव्वेचाळीस. आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता.

मावशींनी दार सताड उघडलं होतं. म्हणजे आमचा टेक्निशियनही रोज आधी दार उघडायचा... आणि तो तपासायला लागेपर्यंत खोली निवलेली असायची!

"मावशी, दार लावून घ्या. तुम्ही बाहेर थांबा."

"चोरले मजार कोंडू का?" चोराला आत कोंडायची तयारी! चोर काही त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

दार लागलं आणि आकडा पुन्हा चढू लागला. मग मी म्हटलं, मागच्या भिंतीला हवा जायला जाळी आहे, तिथे जरा बघता का? पावलांचा आवाज... आणि मग मावशी मोठ्याने हसायला लागल्या.

"भाऊ, चोर सापडना! तुना काका शे!"

चोर सापडला होता खरा! मावशींच्या नवऱ्याने, आमच्या काकांनी, कांदा विकून उरलेलं बारदान, म्हणजे रिकाम्या गोण्या, जाळीला टेकवून पार वरपर्यंत रचून ठेवलं होतं. आठवडा झाला होता त्याला. मावशींनी त्याच दांडक्याने सगळी थप्पी पाडली.

चार वाजता दार बंद असूनही तापमान अडतीसवर होतं. सरांनी ग्राफ बराच वेळ पाहिला. "राहू दे तो अलर्ट," एवढंच म्हणाले.

सेन्सर खरं तेच बोलत होता... आम्हीच रोज दार उघडून त्याला खोटं पाडत होतो.

मेसेज मी बदलला: 'खोली तापली आहे. मागच्या जाळीसमोर काही ठेवले आहे का ते पाहावे.' मावशींना तो आवडलेला नाही. म्हणतात, आधीच्या मेसेजने पळत जावंसं तरी वाटायचं.

आता अलर्ट नसला तरी दुपारी त्यांचा फोन येतो. "भाऊ, उंबरा जागावर शे!" मी मनापासून आभार मानतो... आणि तरीही एकदा ग्राफ बघून घेतो.