मांजरेकाठचा दगड

मंडळी, इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहासोबत हसायला वाचायचो... खोटं कशाला बोलू? माझं कामच माती तपासायचं, नांदेडला छोटी लॅब आहे. नदीकाठची जमीन भूकंपात दगा देईल का, ते सांगायचं. ओल्या वाळूचं घमेलं थापटून बघा, पाणी वर येतं आणि वाळू पातळ होते. तेच घराखाली झालं की घर खचतं. यात भूतबीत काही नाही.

माझ्या ताईनं बिलोलीजवळ मांजरेच्या काठी प्लॉट घेतला. ताई आणि दाजी दोघंही रिटायर्ड शिक्षक, नोकरी लातूरकडं झालेली. त्र्याण्णवचा भूकंप डोळ्यांनी पाहिलेली माणसं. ताई म्हणाली, "तू हाव म्हटलास तरच पाया खोदू. न्हाईतर विकून टाकू."

भर दुपारी माती तपासायला बोअरचं मशीन लावलं. बोअरआधी नारळ फोडायची आमच्याकडं रीत आहे आणि त्यात आमचे ड्रिलर शेखभाई सगळ्यात पुढं. दाजींनी एक काळा दगड आणला, ताईनं कुंकू लावलं, शेखभाईंनी नारळ फोडला. आम्ही खोबरं खात उभे... आणि आमच्यासमोर तो दगड हळूहळू जमिनीत गेला. कोरड्या, तापलेल्या जमिनीत. ना भोक, ना ओल.

"साब, ये जगा ठीक नै," शेखभाई म्हणाले.

मी चिडून तिथंच बोअर घ्यायला लावला. माती घट्ट. खालची वाळूसुद्धा इतकी दाबलेली की हातोडा बसला तरी रॉड उतरेना! खड्डा खोदून पाहिला, दगड नाही. नमुने दुसऱ्या लॅबला पाठवले, उत्तर तेच — जागा सुरक्षित. रिपोर्टमध्ये काय लिहू, दगड बुडाला म्हणून?

तरी ताईला तोंडी सांगितलं, विकून टाक.

"रिपोर्ट काय म्हणतो?"

"चांगला आहे."

"मग झालं तर. तूच म्हणायचास ना, आकड्यापुढं देव बी गप."

घर झालं. मग मध्यंतरी आमच्या भागात धक्के बसले, तेव्हा मी तडक बिलोली गाठली. भिंतीला तडा नाही. दाजी निवांत चहा पिऊन राहिले होते. आणि अंगणात, फरशी जराही न उचकटता, तो दगड वर आलेला... ओला. कुंकू तसंच.

वाळू पातळ झाली तर जमिनीत पुरलेली पोकळ टाकी वर येते, दगड खाली जातो. हा उलटा कसा आला, मला आजही सांगता येत नाही. तो परत खाली गेला तर घराचं काय, याची लई भीती वाटते, एवढं खरं. ताई म्हणते, भूमातेनं राखलं, आता मी इथून हलत नाही. दगड तिनं तुळशीपाशी मांडलाय.

मी रोज सकाळी तिला फोन करतो. तिला वाटतं, भाऊ लई माया करून राहिला. जेवण, तब्येत सगळं नंतर. आधी एकच विचारतो — ताई, दगड वर आहे ना?